तुमच्या क्रोमवर नीट, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बिघडलेलं : वेबपानातला दोष कोणत्या क्रमानं शोधायचा

लक्षणं

बाजार समितीची भावाची पानं, लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांचे प्रवेश अर्ज, पतसंस्था आणि शाळांच्या साइट करणाऱ्यांकडं येणारे फोन बहुतेक याच यादीतले असतात :

- मराठीच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात.
- रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, उकार खालून अर्धाच दिसतो.
- "अर्ज जमा करा" हे बटण मोबाइलवर सापडत नाही. सापडलं तर दाबून काही होत नाही.
- ५ जूनची जन्मतारीख ६ मे म्हणून जमा होते, किंवा तारीख एक दिवस मागं सरकते.
- मोबाइल नंबरचा रकाना आकडे घेत नाही.
- पान बोटानं आडवं हलतं, उजवीकडं पांढरी पट्टी दिसते.
- सेवा केंद्रातल्या जुन्या विंडोज ७ वर पान कोरं येतं.
- बिघाड फक्त आयफोनवर दिसतो.
- इन्स्टाग्रामवरून उघडलं तर यूपीआय चालत नाही, तीच लिंक क्रोममध्ये चालते.
- पैसे कापले जातात आणि साइट पुन्हा लॉगिन मागते.

"ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे, क्रोम अपडेट करा" हे उत्तर सोपं असलं तरी बहुतेक वेळा चुकीचं निघतं. यातले निम्मे दोष तरी ब्राउझरच्या आधीच्या थरांतले असतात : साठवलेला मजकूर, फाँट, मशीनचं घड्याळ, फोनची सेटिंग. म्हणून सीएसएसला, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडला, हात शेवटी लावायचा. उलट्या क्रमानं गेलात तर एकाचं दुरुस्त करताना दुसऱ्याचं बिघडेल, आणि नेमकं कशानं ते कळणारही नाही.

फोन ठेवण्याआधी विचारायचं

"सर, फॉर्म उघडंना" एवढ्यावर काम सुरू करू नका. तीन गोष्टी विचारा : मोबाइल किंवा कॉम्प्युटर कोणता, ब्राउझर कोणता आणि कितवी आवृत्ती, लिंक कुठून उघडली. तिसरा प्रश्न हमखास राहून जातो, आणि उत्तर बहुतेकदा त्याच्यातच असतं.

चौथी गोष्ट म्हणजे स्क्रीनशॉट, पण पूर्ण स्क्रीनचा. लोक नेमकी चूक दिसेल एवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर टाकतात. वरची पत्त्याची पट्टी दिसली की पान जुन्या पत्त्यावर उघडलंय का, "सुरक्षित नाही" असं लिहिलंय का, दुसऱ्या ॲपच्या आतली खिडकी आहे का, भाषांतर चालू आहे का, हे एका नजरेत कळतं.

क्रोमची आवृत्ती सेटिंग्जच्या तळाशी "क्रोमविषयी" मध्ये मिळते. आयफोनवर सफारी आयओएससोबतच बदलते, त्यामुळं तिथं आयओएसची आवृत्ती विचारली की पुरतं.

त्यांच्याच मशीनवर, फुकटात

खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकी. तिथं पान नीट चाललं तर दोष साठवलेल्या जुन्या फाइलींचा किंवा एक्स्टेंशनचा. कॉम्प्युटरवर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबायला सांगा. पण दर बदलानंतर गावोगाव फोन करून हेच सांगावं लागत असेल तर दोष तुमच्या बाजूला आहे : सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइलनावात आवृत्ती घाला, म्हणजे फाइल बदलली की नावही बदलेल. साइटवर सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागं राहून फाइली साठवणारी स्क्रिप्ट) असेल तर तो जुनी फाइल धरून बसतो, तो आधी तपासा.

झूम. कंट्रोल आणि शून्य. सेवा केंद्रात एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर वेगवेगळी माणसं बसतात, कुणीतरी १५० टक्के करून ठेवलेलं असतं.

तारीख-वेळ. "जोडणी सुरक्षित नाही" किंवा "तुमचं घड्याळ मागे आहे" असा इशारा येत असेल तर साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट तपासण्याआधी मशीनची तारीख बघा. भारनियमनात वारंवार बंद होणाऱ्या जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि वीज आली की तारीख काही वर्षं मागं जाते. त्या तारखेला तुमचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं, ब्राउझर तरी कसं मान्य करणार? सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मशीन बंद करून, वायर काढून बदलायचा. तारीख बरोबर असूनही अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनवर इशारा येत असेल तर कारण बहुधा वेगळं : मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं आताचं मूळ प्रमाणपत्र त्या फोनना माहीतच नाही. त्यावर पानात काही करता येत नाही. त्या फोनवर फायरफॉक्स टाकता आला तर बघा, तो स्वतःची प्रमाणपत्रांची यादी सोबत आणतो.

भाषांतर. पान मराठीत आणि एचटीएमएलच्या पहिल्या ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली, हा प्रकार तयार टेम्पलेट घेणाऱ्यांच्या साइटवर सर्रास सापडतो. क्रोमचं भाषांतर चालू झालं की ते प्रत्येक मजकुराभोवती स्वतःचे टॅग घालतं. रिॲक्टसारख्या लायब्ररीत केलेलं पान त्यानं मध्येच कोसळतं, कारण लायब्ररीनं ठेवलेला तुकडा जागेवर सापडत नाही. भाषा मराठी असल्याचं लिहा आणि रकमेच्या, नंबरच्या तुकड्यांवर भाषांतर नको अशी खूण ठेवा.

डार्क मोड. काही फोन आणि सॅमसंग इंटरनेट पानाचे रंग स्वतःहून उलटवतात. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो त्यात नाहीसा होतो. लोगोमागं पांढरा रंग भरून टाका, पुढचा वाद मिटतो.

मराठी नेमकं कसं बिघडलंय?

मराठी साइटवर सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो. "अक्षरं दिसत नाहीत" या एका तक्रारीखाली पाच वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. स्क्रीनशॉट मोठा करून बघा.

रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, त्या मशीनवर ते अक्षर काढणारा फाँट नाही.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्यामागं चलनासारखं गोल चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल तर यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मधला मजकूर दुसऱ्याच पद्धतीनं वाचला जातोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि पहिली बाइट सगळ्यांची सारखीच, म्हणून तीच चिन्हं परत परत दिसतात. हे सुधारतं.

प्रश्नचिन्हं दिसली तर थांबा. डेटाबेसमध्ये लिहितानाच मजकूर गेलेला असू शकतो. मायएसक्यूएलमध्ये हेक्स फंक्शननं एका नावाच्या बाइट काढून बघा. "म" साठी ई०, ए४, एई अशा तीन जोड्या आल्या तर मजकूर बरोबर साठलाय आणि फक्त जोडणीची पद्धत चुकली आहे, ती यूटीएफ८एमबी४ करा. नुसते ३एफ, ३एफ, ३एफ आले तर तिथं खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलंय. ते कोणत्याही ब्राउझरमध्ये, कोणत्याही सेटिंगनं परत येणार नाही, बॅकअपमधूनच आणावं लागेल.

वाचता न येणारी इंग्रजी अक्षरं, अधेमधे कंस आणि टिंबं असतील तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव. पंचायत समितीची परिपत्रकं, जुन्या छापखान्यांच्या फाइली यातून चिकटवलेला मजकूर असाच येतो. टाइप करणाऱ्याच्या मशीनवर तो फाँट असल्यामुळं त्याला सगळं छान दिसतं, आणि म्हणूनच तो तुमच्याशी भांडतो. तो फाँट साइटवर चढवणं हा उपाय नाही : शोध चालत नाही, मोबाइलवर कॉपी होत नाही, अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर भलतंच वाचतं. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार रूपांतरात हमखास चुकतात.

ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसली तर तुमच्या कोडनं शब्द मधूनच कापलाय. "पहिली ५० अक्षरं दाखवा" असं लिहिलं की कानामात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेवर कापा. इंटल सेगमेंटर (मजकुराची अक्षरं, शब्द पाडणारी जावास्क्रिप्टची सोय) वापरणार असाल तर फायरफॉक्समध्ये तो १२५ आवृत्तीपासून आहे हे ध्यानात ठेवा.

पानाचा माथा

तपासायला दोन मिनिटं लागतात. पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे पान आजच्या पद्धतीचं एचटीएमएल असल्याचं सांगणारी, हवी. तिच्याआधी काही छापलं गेलं, अगदी पीएचपीचा एखादा इशारासुद्धा, तर ब्राउझर जुन्या काळच्या विचित्र पद्धतीनं मापं मोजू शकतो. कॅरसेट (मजकुराची अक्षरपद्धत) यूटीएफ-८ असल्याची मेटा टॅगची ओळ पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवी. ती असूनही मजकूर बिघडत असेल तर सर्व्हर हेडरमध्ये वेगळं सांगतोय का ते बघा, हेडरचं म्हणणं मेटा टॅगच्या वरचढ ठरतं. व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीत मांडा असं सांगणारी, ओळ नसेल तर मोबाइल पान ९८० पिक्सेल रुंद समजून मांडतो आणि मुंगीएवढी अक्षरं दाखवतो.

चित्रं फक्त सर्व्हरवर चढवल्यावर गायब होत असतील तर फाइलनावं बघा. विंडोजला लहान-मोठ्या इंग्रजी लिपीतला फरक कळत नाही, लिनक्स सर्व्हरला कळतो. याचा ब्राउझरशी काडीचा संबंध नाही, तरी "फक्त माझ्याच मशीनवर दिसतं" या तक्रारीमागं कितीतरी वेळा हेच निघतं.

इंजिनं तीन, नावं पन्नास

इंजिन म्हणजे ब्राउझरचा पान मांडणारा गाभा. दहा ब्राउझर टाकून बसू नका. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या आत ब्लिंक आहे. एज २०२० पासून त्यात आला. फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं. आणि आपल्याकडं आयफोनवर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत वेबकिटच चालतं. त्यामुळं "आयफोनच्या क्रोममध्ये बिघडतंय" ही तक्रार सफारीची समजून तपासायची.

क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये आयफोन निवडला की फक्त खिडकीचा आकार आणि ओळख बदलते, इंजिन ब्लिंकच राहतं. तिथं नीट दिसलं याचा अर्थ आकार बसला, एवढाच.

मराठवाड्यातल्या साइटसाठी मी हा संच पुरेसा मानतो : ताज्या क्रोमचा स्वस्त अँड्रॉइड, १३६६ बाय ७६८ चा विंडोज लॅपटॉप, ताजा फायरफॉक्स, एखादा जुना आयफोन आणि विंडोज ७ वरचं क्रोम १०९. शेवटचं नाव वाचून नाक मुरडू नका. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ वरच थांबलं, फायरफॉक्स ११५ च्या विस्तारित आवृत्तीवर. तालुक्याच्या सेवा केंद्रात अर्ज भरला जाणार असेल तर ते मशीन तुमच्या यादीत हवंच.

या जुन्या आवृत्त्यांत काय नाही ते पाठ असू द्या. सीएसएसमधलं नेस्टिंग (नियमाच्या आत नियम लिहिणं) क्रोममध्ये ११२ पासून आणि फायरफॉक्समध्ये ११७ पासून आहे, म्हणजे विंडोज ७ वर दोन्हीकडं नाही. "हॅज" (आत अमुक घटक असेल तर) हा सिलेक्टर क्रोम १०९ ला समजतो, फायरफॉक्स ११५ ला समजत नाही. सीएसएस न समजलं तर ब्राउझर तेवढा भाग सोडून पुढं जातो. जावास्क्रिप्टचं तसं नसतं.

कन्सोल

पान कोरं आहे किंवा बटण दाबून काही होत नाही, तर एफ१२ दाबून कन्सोलमधली, म्हणजे ब्राउझरच्या चुकांच्या यादीतली, पहिली लाल ओळ वाचा. बाकीच्या वीस ओळी बहुधा तिच्यामुळंच आलेल्या असतात.

"सिंटॅक्स एरर" असेल तर ब्राउझरनं ती फाइल पूर्ण नाकारलेली असते. एका ओळीतली नवी खूण कळली नाही म्हणून वरची-खालची हजार ओळींची फाइलही चालत नाही. नेहमीचं उदाहरण : पिन कोड किंवा नाव तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराच्या नमुन्यात) वापरलेलं लुकबिहाइंड, म्हणजे आधी काय आलंय ते बघणारी खूण. सफारीत ते १६.४ पासून आलं. आयफोन ६एस आणि ७ आयओएस १५ च्या पुढं जात नाहीत, म्हणून त्या फोनवर तुमचा पूर्ण अर्ज मेलेला असतो आणि बाकी सगळीकडं धडधाकट. ते एक्स्प्रेशन साध्या पद्धतीनं लिहा. नवी वाक्यरचना जागोजागी वापरली असेल तर बेबल (नवं जावास्क्रिप्ट जुन्या पद्धतीत बदलणारं साधन) किंवा तुमच्या बिल्ड टूलमध्ये लक्ष्य म्हणून जुन्या आवृत्त्या लिहून टाका. पॉलिफिल फक्त नसलेली फंक्शनं पुरवतो, न समजणारी वाक्यरचना त्याच्यानं समजत नाही. या दोन्हींत गल्लत करून लोक दिवस घालवतात.

फाँट आणि ओळीची उंची

रोबोटो, ओपन सॅन्स, लॅटो यांच्यात देवनागरी नाहीच. सीएसएसमध्ये त्यांचं नाव लिहिलं की इंग्रजी त्या फाँटमध्ये आणि मराठी मशीनवर जे असेल त्यात दिसतं : विंडोज ७ वर मंगल, विंडोज ८ पासून पुढं निर्मला, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी, मॅक-आयफोनवर कोहिनूर देवनागरी. चौघांची रुंदी आणि उंची वेगळी. एकच पान चार मशीनवर चार प्रकारे दिसण्याचं मूळ बहुतेकदा हेच.

मुक्ता, बालू २, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी यातला एक निवडा आणि वेबफाँट म्हणून द्या. देवनागरीचा भाग खरंच उतरतोय का ते नेटवर्कच्या टॅबमध्ये बघा. ठळक वजन उतरवलं नसेल तर ब्राउझर रेघा फुगवून खोटं ठळक करतो आणि "घ" व "ध" ची पोटं बुजतात. फाँट येईपर्यंत मशीनवरचा फाँट दिसू द्या, म्हणजे फाँट-डिस्प्ले स्वॅप. नाहीतर सावकाश नेटवर तीन सेकंदांपर्यंत मजकूरच दिसत नाही.

रफार कापला जात असेल तर लाइन-हाइट बघा. इंग्रजी टेम्पलेटमध्ये शीर्षकाला १ किंवा १.१ दिलेली असते, वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर आलेलं कापा. "सर्वांसाठी" मधला रफार आणि अनुस्वार एकावर एक चढतात, त्यांना जागा कुठून मिळणार? मजकुराला १.६ च्या आसपास, शीर्षकाला निदान १.४ द्या. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. अक्षरांमध्ये जागा सोडली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

जिल्ह्यांच्या नावांचं इथंच घ्यायला हवं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या तक्त्यात जिल्ह्याचा रकाना "औरंगाबाद" मापून ९० पिक्सेलचा ठेवलेला असतो. नवीन नाव त्यात मावत नाही, आणि "संभाजीनगर" हा एकच शब्द असल्यानं मोबाइलवर तो अख्खा तक्ता उजवीकडं ढकलतो. मशीनवरचा फाँट अरुंद असेल तर मावतो, रुंद असेल तर नाही, म्हणून तक्रारही कुठूनतरीच येते. पक्की रुंदी काढून किमान रुंदी द्या, ओव्हरफ्लो-रॅप चालू ठेवा, तक्ता स्वतःच्या डब्यात आडवा सरकू द्या. आणि डेटाबेसमध्ये नाव न साठवता जिल्ह्याचा कोड साठवा. नाहीतर जुन्या आणि नव्या नावाचे अर्ज दोन वेगळ्या जिल्ह्यांचे मोजले जातील.

तारखा आणि आकडे

तारखेचा तयार रकाना कोणत्या क्रमानं दिसेल हे ब्राउझरच्या भाषेवर आणि सिस्टीमच्या प्रदेशावर ठरतं. मशीन इंग्रजी-अमेरिका वर असेल तर आधी महिना. दुकानातून आणलेली कितीतरी मशीनं तशीच राहतात. सर्व्हरला मात्र नेहमी वर्ष-महिना-दिवस असाच मजकूर जातो. तेव्हा रकान्याच्या खाली निवडलेली तारीख अक्षरात दाखवा : "५ जून २००८". अर्ज भरणाऱ्याला चूक तिथंच दिसते.

मायएसक्यूएल तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडून देतं. तो मजकूर जसाच्या तसा जावास्क्रिप्टच्या डेटला दिला तर क्रोम खपवून घेतं, जुनी सफारी अवैध तारीख म्हणते. मधल्या जागेत इंग्रजी टी घाला. तारीख एक दिवस मागं जात असेल तर आयएसओ मजकूर बनवणारी ओळ शोधा, ती वेळ जागतिक वेळेत बदलते. भारतीय रात्रीचे १२ म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा.

मराठी कीबोर्डवरून मराठी अंक येतात. नंबर प्रकारच्या रकान्यात ते कुठं उमटत नाहीत, कुठं उमटतात पण मूल्य रिकामं जातं. जावास्क्रिप्टचं अंक ओळखणारं चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. मोबाइल, आधार, पिन कोड यांना साधा मजकुराचा रकाना द्या, इनपुटमोड न्यूमरिक (आकड्यांचा कीबोर्ड) ठेवा, आणि ० ते ९ हे देवनागरी अंक सर्व्हरवर इंग्रजी अंकांत बदलून घ्या. उलट, रक्कम दाखवताना मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की अंक देवनागरीत येतात, ते पुन्हा हिशेबात घेतले तर उत्तर "नॉट अ नंबर". दाखवायचं वेगळं, मोजायचं वेगळं ठेवा.

मांडणी

आडवं हलणारं पान : कुठंतरी रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिलेली असते. विंडोजवरची सरकपट्टी १५ ते १७ पिक्सेल जागा खाते, मॅकवर ती मजकुरावर तरंगते, म्हणून मॅकवाल्या डिझायनरला हा दोष दिसतच नाही. १०० टक्के करा.

बटण खाली गडप : १०० व्हीएच (खिडकीची पूर्ण उंची) मध्ये मोबाइलच्या पत्त्याच्या पट्टीमागची जागाही धरली जाते. आधी व्हीएच आणि पुढच्याच ओळीत डीव्हीएच (त्या क्षणी खरी दिसणारी उंची) लिहा. डीव्हीएच क्रोमला १०८ पासून, सफारीला १५.४ पासून समजतं, जुने ब्राउझर पहिली ओळ घेतात.

१३६६ चा लॅपटॉप १२५ टक्क्यांवर असेल तर तुमच्या पानाला १०९३ पिक्सेलच मिळतात आणि उंचीला सहाशेच्या आसपास, त्यातही ब्राउझरच्या पट्ट्या. खिडकीसारखा उघडणारा अर्ज असेल तर त्याला आतल्या आत सरकता आलं पाहिजे.

रकान्याला बोट लावताच आयफोनवर पान मोठं होत असेल तर रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान आहेत. झूम बंद करू नका, अक्षरं मोठी करा.

ॲपच्या आतली खिडकी आणि पैसे

फेसबुक-इन्स्टाग्राममधली लिंक त्यांच्या आतल्याच खिडकीत उघडते. अँड्रॉइडवर ती वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमध्ये बसवलेला ब्राउझर, असते. यूपीआयची लिंक, फाइल डाउनलोड, कॅमेरा हे सगळं त्या ॲपनं दिलं तरच चालतं. "अननोन यूआरएल स्कीम" ही चूक हीच. पानावरून ती दुरुस्त होत नाही. "वरच्या तीन टिंबांवरून क्रोममध्ये उघडा" अशी सूचना आणि सोबत क्यूआर कोड द्या.

पैसे गेले आणि लॉगिन मागतंय, याचं कारण बहुधा कुकीत, म्हणजे लॉगिनची ओळख ब्राउझरमध्ये ठेवणाऱ्या नोंदीत, सापडतं. पैसे घेणारा गेटवे गिऱ्हाइकाला पोस्ट पद्धतीनं तुमच्या साइटवर परत पाठवतो. क्रोम २०२० पासून, सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का ते सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी लॅक्स (मर्यादित परवानगीची) धरतं आणि अशा पोस्टसोबत पाठवत नाही. फक्त कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर सूट. म्हणून तुमच्या ऑफिसात पटकन केलेली चाचणी पास होते, आणि रेंज नसलेल्या गावात ओटीपी उशिरा आला की तीच साइट नापास. सेशन कुकीला सेमसाइट नन (नेहमी पाठव) आणि सिक्युअर लिहिता येतं, पण आयओएस १२ ची सफारी नन ला स्ट्रिक्ट (अजिबात पाठवू नको) समजते. चांगला मार्ग हा : परतीचं पान सेशनवर अवलंबून ठेवू नका. ऑर्डर नंबर घ्या, तुमच्या सर्व्हरवरून गेटवेला व्यवहार खरा आहे का विचारा, नोंद करा आणि मग साध्या गेट पद्धतीनं पावतीच्या पानावर पाठवा.

खऱ्या फोनवर

इथपर्यंत दोष मिळाला नाही तर फोन जोडा. अँड्रॉइडवर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डिबगिंग चालू करा, कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडा. फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. फोनवर लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकून चाचणी केली तर लोकेशन आणि कॅमेरा चालणार नाहीत, कारण तो पत्ता सुरक्षित धरला जात नाही, लोकलहोस्ट धरला जातो. इन्स्पेक्टच्याच पानावर पोर्ट फॉरवर्डिंग (फोनला लॅपटॉपचा लोकलहोस्ट वापरू देणारी सोय) आहे, ते वापरा.

आयफोनचा कन्सोल बघायला मॅक लागतो. नसेल तर प्लेराइट या चाचणीच्या साधनातलं वेबकिट विंडोज-लिनक्सवर चालतं. ते हुबेहूब सफारी नव्हे, तरी मांडणीचे बरेच दोष पकडतं. त्यानंही भागलं नाही तर ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेवर खरे आयफोन भाड्यानं मिळतात. वर्षाचं घेण्याआधी मोफत चाचणीत तुमचा दोष तिथं दिसतो का ते बघा. कीबोर्ड आणि यूपीआयचे दोष दूरच्या फोनवर नीट पकडता येत नाहीत.

इथं हात थांबवा

डेटाबेसमध्ये खरी प्रश्नचिन्हं सापडली तर त्या तक्त्यावर एकही रूपांतराची आज्ञा चालवू नका. साइटवर लिहिणं बंद करा, आहे तशी प्रत काढून ठेवा आणि डेटाबेसच्या जाणकाराला बोलवा. चुकीच्या कॅरसेटवरून "बरोबर" करायला गेलात तर वाचलेला मजकूरही दुहेरी बिघडतो.

पैसे कापले आणि नोंद नाही असे एकाहून जास्त व्यवहार दिसले तर पैशाचं पान बंद करून गेटवेच्या तांत्रिक मदतीला कळवा. हातानं नोंदी घालत बसू नका.

आधार किंवा बँक खात्याचा मजकूर दुसऱ्याच माणसाला दिसत असेल तर ते ब्राउझरचं प्रकरण नाही. साइट बंद करा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याकडं द्या. सर्व्हरचं सर्टिफिकेट किंवा हेडर बदलायचे अधिकार तुमच्याकडं नसतील तर होस्टिंगवाल्याला तिकीट टाका. हजारो पानांचं जुन्या फाँटमधलं दप्तर रूपांतर करून देणारे लोक वेगळे असतात, ते काम साइटच्या दुरुस्तीत ओढू नका.

ज्याला बोलवाल त्याला पूर्ण स्क्रीनशॉट, मॉडेल, आवृत्ती, लिंक कुठून उघडली ते, कन्सोलमधली पहिली लाल ओळ आणि दोष कधीपासून आहे एवढं एकत्र पाठवा. "आयफोनवर चालत नाही" एवढंच पाठवलंत तर पहिल्या तासाचे पैसे तो हेच प्रश्न विचारण्याचे लावेल.